गोधडी पुरी करू या : वर्षावासात रोज एक ओळ

आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी एक अर्धी गोधडी सापडते. लोखंडी पेटीत, पत्र्याखालच्या फळीवर, नाहीतर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घडी घालून ठेवलेली. कुणाच्या सासूने धरलेली, कुणी पहिल्या बाळंतपणात सुरू केलेली. कडेच्या चार ओळी झालेल्या असतात, मध्ये कापडाचे थर नुसते अंथरलेले असतात आणि सुई तिथेच टोचून गंजलेली असते. का राहिली म्हणून विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "सिस्टर, बसायला येळ कुठंय?"

हे उत्तर खरं आहे, आणि म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे. ज्या बाईला दिवसातून अर्धा तास स्वतःच्या हातातल्या कामाजवळ बसता येत नाही, तिला दवाखान्यात जायलाही वेळ मिळत नाही, पोटभर जेवायलाही मिळत नाही. गोधडी पुरी करणं म्हणजे घरातल्या सगळ्यांसमोर रोज अर्धा तास आपल्या नावावर करून घेणं. आणि ती पुरी झाली की लेकराचा हिवाळा सुखाचा जातो, तो फायदा वेगळाच.

कोपीतली थंडी

बीड जिल्ह्यातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीबरोबर लेकरं. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत काढायचे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे चारला आई फडात जाते, तेव्हा लेकरू कोपीत नाहीतर फडाच्या कडेला झोपलेलं असतं. अशा वेळी त्याच्या अंगावर काय आहे आणि अंगाखाली काय आहे, याचा त्याच्या जिवाशी थेट संबंध असतो.

नवजात बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं लागतं. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. अंग गार पडलं की आधी तळपाय थंड लागतात, मग पोट थंड लागतं. बाळ मलूल होतं, अंगावर ओढत नाही. दूध कमी गेलं की आणखी गार पडतं. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला हा धोका जास्त, आणि राबणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या आयांची बाळं बऱ्याचदा अशीच असतात. म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा :

- थंडी वरून लागते तशी खालूनही लागते. उघड्या जमिनीवर एक घडी अंथरून वर तीन पांघरुणं घातली तरी बाळ गारच राहतं. खाली जाड वाकळ, वर हलकं दुपटं, हा हिशेब ठेवा.
- बाळाला पाठीवर झोपवा. पांघरूण छातीपर्यंतच घाला, तोंडावर कधीच नको. मोठ्यांची जड गोधडी बाळाच्या अंगावर टाकू नका, त्याला ती बाजूला सारता येत नाही. डोक्याला कुंची किंवा टोपडं असू द्या. लहान बाळाची बरीच ऊब डोक्यातून जाते.
- बाळाचे पाय आणि पोट हाताच्या उलट्या बाजूने तपासा. पाय गार आणि पोट कोमट असेल तर त्याला छातीशी घ्या. पोटही गार लागलं आणि बाळ पीत नसेल तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.
- सगळ्यात चांगली गोधडी म्हणजे आईचं अंग. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घ्यायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचपेट्या कमी पडल्या तेव्हा ही पद्धत सुरू झाली. आज जगभरचे डॉक्टर कमी वजनाच्या बाळांसाठी ती सांगतात. बापाच्या छातीचीही ऊब तेवढीच असते, ही गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगा.
- बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बंद कोपीत शेकोटी, यातलं काहीही नको. धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. बंद जागेतल्या निखाऱ्यांचा वायू वास न येता जीव घेतो. आणि पाचटाच्या कोपीला ठिणगी पुरते.

आजकाल आपल्या मुली मोबाईलवर बघून क्रोशाची सुई धरायला शिकतात. लोकरीचे रंगीत चौकोन करून ते जोडतात. फार छान काम आहे, त्यांना शिकू द्या. फक्त क्रोशाच्या जाळीत तान्ह्याची बोटं अडकतात, म्हणून तान्ह्यासाठी घट्ट विणीचं टोपडंच करा आणि जाळीची चादर मोठ्यांना ठेवा. बाजारातली स्वस्त लोकर बहुधा ॲक्रिलिकची असते. ती आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. चुलीपाशी बसणाऱ्या घरात सुती गोधडी जास्त भरवशाची.

वीस हजार टाके

गोधडी अर्धी राहते, त्याचं एक कारण असं की ती एकदम डोंगराएवढी दिसते. तिचा हिशेब मांडून बघा. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी घ्या. इंचा-इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर रुंदीत साठ ओळी बसतात. इंचाला चार टाके धरले तर सात फुटांच्या ओळीत ३३६ टाके, आणि साठ ओळींचे मिळून वीस हजारांच्या वर. आकडा मोठा आहे. पण रोज एक ओळ घातली तर साठ दिवस लागतात, आणि सरावलेल्या हाताला एका ओळीला अर्ध्या तासाच्या आतबाहेर पुरतो.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांचा. या काळात आपल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. ऐकताना हात मोकळेच असतात. विहार समितीला विचारून कडेला एक सतरंजी आणि चांगला उजेडाचा दिवा मागून घ्या. आषाढात धरली तर टोळी निघायच्या आत गोधडी पुरी होते आणि वर महिनाभर हाताशी राहतो.

अर्धी गोधडी पेटीतून काढली की आधी ती उन्हात पसरा आणि नीट बघा. उंदरांनी कुरतडलेले, बुरशी आलेले थर काढून टाका. गंजलेली सुई फेकून द्या. नवीन कापड घालायचं तर ते आधी गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून घाला. मेलेल्या किंवा आजारी माणसाचे कपडे म्हणून टाकून देऊ नका, गरम पाणी, साबण आणि ऊन त्यांनाही पुरतं. थर जास्त घातले की गोधडी उबदार होते, पण धुणं अशक्य होतं, आणि न धुतलेली गोधडी हे खरजेचं घर असतं. म्हणून दोन मध्यम गोधड्या एका अवजड गोधडीपेक्षा बऱ्या. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणा, आधी लांब कच्चे टाके घाला, मग ओळी धरा. कुणी कडेपासून आत आत चौकोन घेत जातं, कुणी सरळ ओळी घालतं. जशी हाताला सवय असेल तसं करा.

डोळे, मान, बोटं

चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईनासा झाला तर "नजर गेली" म्हणून काम सोडू नका. जवळचं अंधुक दिसणं या वयात सगळ्यांनाच होतं, वाचायचा साधा चष्मा लावला की दिसू लागतं. तो बाजारातून अंदाजाने घेऊ नका. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून नंबर काढून घ्या, त्याच वेळी मोतीबिंदू आणि साखरही कळते. तोवर घरातल्या शाळकरी पोराला रोज दहा सुया ओवून टोचून ठेवायला सांगा. पाली अट्ठकथेत गोष्ट आहे. अनुरुद्ध थेरांचं चीवर शिवायला सगळे थोर भिक्खू एकत्र बसले, तेव्हा सुईत दोरा ओवून देण्याचं काम खुद्द भगवंतांनी केलं. आजीची सुई ओवणाऱ्या नातवाला ही गोष्ट जरूर सांगा.

जमिनीवर वाकून शिवलं की मान आणि कंबर धरते. पाठ भिंतीला टेकवा, मांडीवर उशी घेऊन काम वर आणा, उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या (डावखुऱ्यांनी उजव्या). एक ओळ झाली की उठून दहा पावलं चाला, खांदे गोल फिरवा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, हातातून भांडं निसटत असेल, तर मनगटाची नस दबत असू शकते. आठ दिवस काम थांबवून दाखवून घ्या.

सुई टोचली तर साबणाच्या पाण्याने धुवा. जखमेवर हळद, चुना, राख नको. गंजलेली सुई खोल गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीबद्दल उपकेंद्रात विचारा. साखरेचा आजार असलेल्या बाईने अंगुठी, म्हणजे बोटात घालायची टोपी, वापरावीच. तिची लहान जखमही लवकर भरत नाही.

धुणं आणि खरूज

घरात एकाला खरूज झाली की सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं, खाजत असो वा नसो. त्याच दिवशी पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता येत नसेल ती गोधडी मोठ्या प्लास्टिक पिशवीत तोंड घट्ट बांधून आठ दिवस बाजूला ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. यात कुणाचा कोप नाही, कुणाची करणी नाही. किडा आहे, आणि त्याला औषध आहे.

ओल्या गोधडीचं वजन एकटीने कधीही उचलू नका. दोघींनी दोन टोकं धरून पिळा. बाळंतीण, पिशवीचं ऑपरेशन झालेली, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली, यांनी तर हात लावायचाच नाही. हे काम पुरुषांच्या बळाचं आहे, त्यांना द्या.

पिशवी काढलेल्या बहिणींसाठी

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीसमोर जे आकडे आले त्यात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. हा फरक बाईच्या शरीरामुळे पडलेला नाही. उचल, खाडा, फडात संडास-पाण्याची सोय नसणं, आणि अंगावरून पांढरं जातं म्हटलं की कॅन्सरची भीती घालणारा दवाखाना, या सगळ्यांनी मिळून तो पाडला आहे.

पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं यांवर बहुतेक वेळा गोळ्या असतात. पिशवी काढायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. कागदपत्रं घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरं मत घ्या. २०१९ नंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलेलं आहे. ती घेतली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ज्यांची काढली गेली आहे, त्यांनी सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. बीजकोषही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, मन उदास होतं. बीजकोष ठेवले तरी पाळी जाण्याचे त्रास काहींना लवकर सुरू होतात. नाचणी, तीळ, दूध, कोवळं ऊन आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका.

या बहिणींना बसून करायचं काम हवं असतं, आणि सोबतही हवी असते. चार जणी एका गोधडीच्या चार बाजूंना बसल्या की नजरा कापडावर असतात. समोरासमोर बघून जे बोलवत नाही ते तिथे बोललं जातं. पिशवीबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल, रात्रीच्या भीतीबद्दल मी बायकांना सगळ्यात मोकळं बोलताना ऐकलं आहे ते अशाच बैठकीत. हाताला एकसारखी लय मिळाली की श्वास संथ होतो, डोक्यातला कालवा कमी होतो. टाका घालताना लक्ष टाक्यावर ठेवा, भटकलं की परत आणा. आनापानसती शिकलेल्या बहिणींना हे ओळखीचं वाटेल.

पण गोधडी हे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असं वाटतं, तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन लावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात. बैठकीतल्या एखादीचं असं बोलणं ऐकलं तर तिला त्या रात्री एकटं सोडू नका.

चिंधीची लाज

आपल्या मुलींना गोधडीची लाज वाटते. पाहुणे आले की ती आत सारली जाते आणि बाजारातलं मखमली ब्लँकेट बाहेर येतं. ही लाज उगाच आलेली नाही. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रं नेमून दिली. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड आणि मागून आणलेली जुनेरं आली. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ते पुस्तक जाळलं, आणि त्याच परिषदेच्या वेळी आपल्या बायांना पेहराव बदलायला, हीनपणा दाखवणारे दागिने टाकायला आणि स्वच्छ राहायला सांगितलं. लादलेली चिंधी फेकूनच द्यायची असते.

पण चिंधीचा दुसराही इतिहास आहे, तो आपल्याच धम्माचा आहे. पहिल्या काळातले भिक्खू उकिरड्यावरची आणि स्मशानातली टाकलेली कापडं उचलून आणत. ती धुऊन, कापून, जोडून, रंगवून अंगावर घेत. त्याला पांसुकूल चीवर म्हणत. ते राजघराण्यातून आलेल्या आनंदाच्याही अंगावर होतं आणि रस्ते झाडणाऱ्या सुनीताच्याही. मगधातली बांध घातलेली भातशेती पाहून भगवंतांनी तसंच चीवर करता येईल का असं विचारलं, आणि आनंदाने तुकडे जोडून तो नमुना तयार केला. आजही चीवरावर शेताचे ते बांध दिसतात.

विनयपिटकातल्या महावग्गात चीवराचं एक अख्खं प्रकरण आहे. मला परिचारिका म्हणून ते फार जवळचं वाटतं. ते सुरू होतं जीवक वैद्यापासून. आणि त्याच प्रकरणात हगवणीने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंत स्वतः आनंदासह धुऊन काढतात, उचलून खाटेवर ठेवतात आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला बजावतात. कापड, वैद्य आणि सेवा या तीन गोष्टी एकाच प्रकरणात आहेत. वर्षावासानंतरच्या कठिण चीवरदानातही कापड दुसरा दिवस उजाडायच्या आत कापून, शिवून, रंगवून पुरं करायचं असतं, आणि त्यासाठी सगळे हातभार लावतात. पुरं करणं हाच त्यातला नियम.

दूर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं. तिथल्या बाया शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. मतदार नोंदणीसाठी या लोकांनी नदीपलीकडे जाऊ नये म्हणून १९६२ मध्ये त्यांची नावच बंद केली गेली, ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. त्याच बायांनी १९६६ मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था उभी केली, आणि २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. आपल्याही गोधड्या आता शहरात भारी किमतीला विकल्या जातात. शिवणाऱ्या हाताला त्यातलं किती मिळतं, हे विचारायला बचत गटांनी शिकलं पाहिजे. वीस हजार टाक्यांची मजुरी आधी मांडा, मग भाव सांगा.

या वर्षावासात काय करायचं

आषाढ पौर्णिमेच्या आठवड्यात पेटी उघडा. वस्तीतल्या अर्ध्या गोधड्या विहारात आणा. ज्या घरात गरोदर बाई आहे किंवा तान्हं लेकरू घेऊन तोडीला जाणारी जोडी आहे, त्या घराची गोधडी सगळ्यांनी मिळून आधी पुरी करा, आणि बरोबर एक दुपटं व एक कुंची शिवा. आशाताईंना एका संध्याकाळी बोलवा. सगळ्यांचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासला जाऊ द्या, तोडीला जाणाऱ्या लेकरांच्या लसींची कार्डं बघून राहिलेली लस निघण्याआधी टोचून घ्या. कार्ड गोधडीच्या घडीत ठेवून सोबत न्या, परगावच्या केंद्रात ते दाखवलं की पुढची लस मिळते.

आणि त्या अर्ध्या तासात घरातून कुणी हाक मारली, तर एक ओळ राहिली आहे म्हणून सांगा. चहा ज्याचा त्याने करून घ्यावा.

नमो बुद्धाय, जय भीम.